अग्निशमन जवान गेला तर त्याच्या घरी काय उरते? 14 एप्रिलमागची गोष्ट आणि हिंगोलीसारखा जिल्हा

14 एप्रिल म्हटले की हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत पहिली आठवण येते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची. निळे झेंडे, मिरवणूक, रात्री उशिरापर्यंत गर्दी. अशा मोठ्या मिरवणुकीच्या आसपास नगरपरिषदेचा आगीचा बंब खबरदारी म्हणून उभा असतो. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावणदहन होते, तेव्हाही तो असतोच. आपण त्याच्याकडे फारसे पाहत नाही. पण 14 एप्रिल हा त्या बंबावर बसलेल्या माणसांचाही दिवस आहे. देशभर तो अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढे 20 एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो.

या तारखेमागे मुंबईतली एक दुपार आहे. ती दुपार काय होती, त्यानंतर महाराष्ट्रात काय काय घडले, आणि असा माणूस कामावर गेला तर त्याच्या घरच्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, ते या लेखात पाहू.

1944 मध्ये मुंबईत काय झाले होते?

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि दारूगोळा होता. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या. शिवाय लाकूड, तेल आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि स्फोटके एकमेकांजवळ ठेवू नयेत, हे कोणत्याही गोदी कामगाराला ठाऊक असते. युद्धाच्या घाईत ते ठेवले गेले.

शुक्रवार, 14 एप्रिल 1944. दुपारी जहाजातून धूर दिसू लागला. सुरुवातीला दोनच बंब आले. जहाजात काय आहे ते कळल्यावर आणखी बोलावले गेले. जवानांनी जहाजाच्या पोटात शेकडो टन पाणी सोडले. पण कापसाची गाठ आतून धुमसते. पाणी वरून ओघळते आणि आतला निखारा तसाच राहतो. त्यातच पाणी वाढेल तशा जळत्या गाठी वर तरंगू लागल्या आणि आग स्फोटकांच्या जवळ जाऊ लागली. जहाजाचा पत्रा तापून लाल झाला. पावणेचारच्या सुमारास खलाशांना जहाज सोडण्याचा हुकूम मिळाला. अग्निशमन दलाचे लोक नळ्या धरून तिथेच राहिले.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, साधारण 800 ते 1,300. त्यात अग्निशमन दलाचे 66 जण होते. आणखी 80 हून अधिक जवान जखमी झाले.

या घटनेची लोकांत सर्वांत जास्त सांगितली जाणारी आठवण कोणती, तर सोन्याच्या विटा आकाशात उडाल्या आणि कुणाच्या तरी घराचे छप्पर फोडून आत पडल्या. ही गोष्ट खरी आहे. गोदीतला गाळ काढताना नंतरही अनेक वर्षे सोने सापडत राहिले. पण 66 जणांपैकी एकाचेही नाव मुंबईबाहेर कुणाला सांगता येत नाही. भायखळ्याला मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. 14 एप्रिलचे संचलन आणि मानवंदना तिथेच होते.

काळबादेवी, 9 मे 2015

मुंबईच्या काळबादेवी भागात गोकुळ निवास नावाची जुनी इमारत होती. लाकडी तुळया, लाकडी जिने, अरुंद गल्ली आणि घरांबरोबर दुकाने-गोदामे, असे त्या भागातले नेहमीचे चित्र. 9 मे 2015 रोजी तिथे आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. आग विझवण्याचे काम चालू असताना इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी त्यात गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले. पुढे त्याच महिन्यात उपचार चालू असताना दोघांचाही मृत्यू झाला.

एवढ्या मोठ्या शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आगीच्या जागी जातो आणि त्याच आगीत प्राण गमावतो. इतर खात्यांत असे क्वचित ऐकू येते. अग्निशमन दलात अधिकारी पुढे आणि जवान त्याच्या पाठोपाठ, ही रीत आहे. आत जायचे की माघार घ्यायची हा निर्णय घेणाऱ्याला आत काय चालले आहे ते स्वतः पाहावे लागते. त्यामुळे काळबादेवीच्या आगीत दलाने चार माणसे गमावलीच, शिवाय कित्येक वर्षांचा अनुभव गमावला.

जळणारी इमारत माणसाला कशी मारते, हेही समजून घ्यायला हवे, कारण 'ज्वाळांनी' हे उत्तर अर्धेच आहे. लाकडी तुळई बाहेरून उभी दिसते, पण आतून जळून तिची ताकद गेलेली असते. लोखंडही पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली जवळपास निम्मी ताकद गमावते. वर पाणी मारावे तर प्रत्येक लिटरचे एक किलो वजन मजल्यावर चढते, आणि कापड किंवा कागदाचा माल ते पाणी पिऊन आणखी जड होतो. म्हणजे आग विझवणारे पाणीच मजला खाली आणू शकते. बंद खोलीत धूर साठतो आणि दार उघडताच आत हवा गेली की भडका उडतो. पाठीवरच्या श्वसनसंचात हवा असते ती साधारण अर्ध्या तासाची. धापा टाकणाऱ्या माणसाला तेवढीही पुरत नाही. हवा संपत आली की संच शिटी वाजवतो, आणि त्या शिटीपासून दारापर्यंतचे अंतर मोजूनच आत पाऊल टाकायचे असते.

काम आगीचेच असते असेही नाही. 1 डिसेंबर 2019 रोजी पिंपरी-चिंचवडजवळ दापोडीत ड्रेनेजच्या कामासाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला उतरलेल्या अग्निशमन जवानावर माती ढासळली. मजूर आणि जवान दोघेही गेले.

घरात काय घडते?

मुंबईसारख्या शहरांत अनेक अग्निशमन केंद्रांच्या वर किंवा आवारातच कर्मचाऱ्यांची घरे असतात. खाली घंटा वाजली की वर स्वयंपाकघरात कळते. कोणता बंब निघाला, कोण चढले, हे बायका-मुलांना आवाजावरून समजते. बंब परत आला की पुन्हा आवाज येतो. सगळे घर या दोन आवाजांच्या मधल्या वेळात जगते.

माणूस गेला की हेच घर अडचणीचे होते. ते नोकरीसोबत मिळालेले असते, त्यामुळे नोकरी संपली की काही काळाने सोडावे लागते. म्हणजे नवरा किंवा बाप गेला, आणि पाठोपाठ शेजार, मुलांची शाळा आणि रोज आधाराला येणारे सहकारीही दूर होतात. काळबादेवीनंतर कुटुंबीयांच्या मागण्यांत घराचा प्रश्न पुढे आला, याचे नवल वाटायला नको.

सहकाऱ्यांचे दुःख वेगळे असते. ज्या पाळीतला माणूस गेला, त्याच पाळीला त्याच रात्री पुढचा फोन घ्यावा लागतो. अंत्ययात्रेला फुलांनी सजवलेला बंब, सलामी, गर्दी हे सगळे होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच बंब फुले काढून, धुऊन रांगेत उभा करायचा असतो. त्याच्या जागी आपण असतो तर, हा विचार सोबत्यांना सोडत नाही. आपल्याकडे या मनावरच्या ओझ्याविषयी फार कमी बोलले जाते. 'मर्दानी काम आहे' म्हणून विषय संपवला जातो.

काही मृत्यू तर मोजलेच जात नाहीत. धुरात वर्षानुवर्षे काम केल्याने होणारा कर्करोग हा त्यातला मोठा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाच्या कामाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात अग्निशमन दलाचे 343 जण गेले होते. त्या ढिगाऱ्याच्या धुळीने नंतरच्या वर्षांत आजारी पडून गेलेल्यांची संख्या 2023 मध्ये त्या 343 च्या बरोबरीला आली. तिथे ही नोंद ठेवली जाते, म्हणून ती कळली. आपल्याकडे निवृत्तीनंतर पाच वर्षांनी फुप्फुसाच्या आजाराने गेलेला फायरमन हा फक्त एक निवृत्त कर्मचारी असतो.

'शहीद' म्हटल्याने काय मिळते?

अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'शहीदाचा दर्जा द्या' ही मागणी होते, आणि ती मनापासून केलेली असते. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'शहीद' या शब्दाची अधिकृत व्याख्या सरकारकडे नाही, सैन्यदलांसाठीही नाही. केंद्र सरकारने संसदेत हे अनेकदा सांगितले आहे. म्हणून कुटुंबाने आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न असा: कोणत्या नियमाखाली, किती आणि कधीपर्यंत?

उत्तर माणूस कोणाच्या पगारावर होता यावर ठरते. तो कायम कर्मचारी असेल, तर भविष्य निर्वाह निधी, उपदान, लागू असलेल्या योजनेप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन आणि घरातील एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी, असे मार्ग असतात. अनुकंपा नोकरी आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो, प्रतीक्षायादी असते, आणि ती यादी लांब असू शकते. मोठ्या महापालिका आपल्या ठरावाने जास्तीची मदत देऊ शकतात. लहान नगरपरिषदेची तिजोरी तेवढी नसते. शौर्यपदक मरणोत्तरही मिळू शकते आणि त्याच्यासोबत मासिक भत्ता असतो. पण त्यासाठी प्रस्ताव वर जावा लागतो, आणि तो नीट लिहून पाठवणारा कुणीतरी कार्यालयात असावा लागतो.

कंत्राटी माणसाचे काय? इथे एक जुना कायदा उपयोगी पडतो, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत अग्निशमन दलातील नोकरीचा थेट उल्लेख आहे. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे. कामावर मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे, असे सूत्र त्यात आहे. 2020 च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते. म्हणजे 30 वर्षांच्या जवानासाठी 7,500 गुणिले 207.98, होतात 15,59,850 रुपये. 40 वर्षांच्या माणसासाठी गुणक 184.17, रक्कम 13,81,275 रुपये. पगार प्रत्यक्षात 40,000 असला तरी आकडा हाच.

याच कायद्याची दुसरी तरतूद जास्त महत्त्वाची आहे. माणूस ठेकेदाराने लावलेला असला, तरी ज्याच्या कामासाठी तो राबत होता त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. नंतर मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. 'तो आमचा नव्हता, एजन्सीचा होता' हे वाक्य ऐकून माघारी फिरण्याचे कारण नाही. नेमणुकीचा कागद, हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेला पगार आणि त्या दिवशीच्या वर्दीची (म्हणजे आलेल्या फोनची) नोंद, एवढे जपून ठेवावे. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात हे सुचत नाही. म्हणून ते आधीच घरात कुणाला तरी ठाऊक असलेले बरे.

हिंगोलीत बंब कुठून येतो?

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11,77,345, आणि बहुतेक लोक खेड्यांत. अग्निशमन सेवा मात्र शहरांची. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने ती नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत ठेवली. त्यामुळे तहसील किंवा पोलीस ठाण्यासारखे गावोगावी पोहोचणारे 'जिल्हा अग्निशमन खाते' असे काही नसते. नगरपरिषदेचा बंब असतो, आणि हद्दीबाहेर फोन आला की तोच निघतो.

ग्रामीण भागात बंब 20 मिनिटांत पोहोचावा, असे देशपातळीवर ठरवलेले प्रमाण आहे. जरा हिशेब करून पाहा. आपल्या रस्त्यांवर भरलेला बंब ताशी 40-45 किलोमीटरने गेला, तर 20 मिनिटांत 13 ते 15 किलोमीटर जाईल. हिंगोलीपासून औंढा नागनाथच त्याहून लांब आहे, तर सेनगाव तालुक्यातल्या आतल्या तांड्याची काय कथा! शिवाय टाकीत साधारण चार-पाच हजार लिटर पाणी. मोठी नळी चालू ठेवली तर दहा-पंधरा मिनिटांत ती रिकामी होते. पुढे विहीर, शेततळे किंवा टँकर शोधायचा.

आग कशाची असते? मळणीआधी रचलेली सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी, गोठा, कापसाचा ढीग, उन्हाळ्यात विजेच्या तारेने पेटलेला ऊस. दिसायला लहान, पण त्या घराची वर्षाची कमाई तीच. कापसाचा ढीग इथेही 1944 च्या गाठींसारखाच वागतो. वरून विझलेला दिसतो आणि रात्री पुन्हा पेटतो. जवान तास-दोन तास ढीग उपसत राहतात ते यासाठी.

आणि विहिरी. 4 एप्रिल 2025 रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत पडला. सात महिला गेल्या. तिघांना वाचवता आले. एका गावातून एका सकाळी सात जणी जाणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने तेव्हा पाहिले. मोटारी लावून विहिरीतले पाणी उपसावे लागले. अशा प्रसंगी पहिली काही मिनिटे शिवारात असलेल्या लोकांचीच असतात. बंब, क्रेन, पाणबुडे सगळे नंतर.

म्हणून इथे धाडस फक्त गणवेशातल्या माणसाचे नसते. पण गणवेशातल्या माणसाजवळ जे असते, म्हणजे दोर, श्वसनसंच आणि मागे थांबून दोर धरणारा सोबती, ते गावकऱ्याजवळ नसते. एप्रिल 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या वाकडीत शेण आणि मळी साचलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. अशा जागी विषारी वायू साठतो, प्राणवायू नसतो आणि दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. विहिरीत किंवा टाकीत उतरलेला माणूस अचानक गप्प झाला तर दुसऱ्याने उतरू नये. वरून दोर टाकावा, पंखा किंवा कॉम्प्रेसरने हवा सोडावी आणि फोन करावा. आपला भाऊ आत असताना हे ऐकणे किती कठीण आहे याची कल्पना आहे. पण अग्निशमन जवानाला प्रशिक्षणात शिकवतात ते आधी हेच.

फोन करताना

अग्निशमनाचा क्रमांक 101. तो लागला नाही तर 112. गावाच्या नावासोबत तालुका सांगा, कारण एकाच नावाची गावे शेजारच्या तालुक्यांत असतात. काय जळते आहे, आत कुणी आहे का, गॅस सिलिंडर, डिझेल किंवा फवारणीची औषधे आहेत का, हे सांगा. औषधांचा धूर जवानांसाठी फार घातक असतो आणि तो नुसता पाहून ओळखू येत नाही. वीज तोडली आहे की नाही, हेही सांगा. बंब कोणत्या रस्त्याने आत येईल आणि पाणी जवळ कुठे मिळेल हे ठाऊक असलेला एक माणूस फाट्यावर उभा करा.

दुकान, मंगल कार्यालय, शाळा किंवा जिनिंग चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ते प्रमाणपत्र बहुतेकांना कटकट वाटते. पण जिन्यात रचलेली खोकी आणि कुलूप लावलेला मागचा दरवाजा धुरात चाचपडताना आधी कुणाला लागतो, तर आत शिरलेल्या जवानाला.

अग्निशमन सेवा सप्ताहात शाळा आणि संस्थांसाठी प्रात्यक्षिके केली जातात. आपल्या गावात हवे असल्यास सरपंच किंवा मुख्याध्यापकांनी मार्चमध्येच जवळच्या नगरपरिषदेला पत्र द्यावे. त्या भेटीत गावातल्या विहिरी, शेततळी आणि बंब वळू शकेल अशी जागा जवानांना फिरून दाखवता येते.